अवतरणचिन्हांतील शोध आणि ‘न सांपडल्या’चा पुरावा

अलीकडे जुन्या कागदांच्या खरेखोटेपणाचा वाद निघाला म्हणजे एक नव्या तऱ्हेचा पुरावा पुढें येऊं लागला आहे. पूर्वीं असा वाद कागद, शाई, वळण, शिक्का, मित्यांचा मेळ आणि भाषा ह्यांवर चाले. भाषेचा मुद्दा निघाला तर अमुक शब्दप्रयोग अमुक काळीं होता किंवा नव्हता हें, ज्याच्या नजरेखालून हजारों पत्रें गेलीं आहेत असा मनुष्य सांगे. आणि ‘नव्हता’ असें सांगतांना त्याची जीभ थोडी चाचरत असे. आतां दोन अवतरणचिन्हांत तीन-चार शब्द घालून ते यंत्रास द्यावे, यंत्रानें ‘एकही निकाल नाहीं’ म्हणून उत्तर करावें, आणि तेवढ्यावर ‘हा शब्दसमूह समकालीन साधनांत कोठेंही आढळत नाहीं, सबब कागद बनावट’ असा निर्णय लिहून मोकळें व्हावें, इतकें हें काम सोपें झालें आहे. उलट बाजूनेंही तेंच. बारा ठिकाणीं सांपडला, म्हणून कागद अस्सल.

ह्या पुराव्याची किंमत किती, एवढाच आमचा प्रश्न आहे. शोधयंत्रांविषयीं आम्हांस अढी नाहीं. महिनोन् महिने रुमाल चाळून जी ओळ हातीं लागत नसे ती क्षणांत डोळ्यांपुढें आणणाऱ्या साधनास नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु ‘शब्दसमूह जसाच्या तसा शोधला’ हें वाक्य जितक्या निःशंकपणें लिहिलें जातें तितकें तें क्वचितच खरें असतें. यंत्र मूळ कागद पाहत नाहीं. छापील पानही पाहत नाहीं. तें आपण आधींच करून ठेवलेली एक सूची पाहतें. एखादा संपादित ग्रंथ हातीं आला म्हणजे संपादक कोण, प्रत कोणती, पाठ कसा ठरविला, हें आपण विचारतों. ह्या सूचीस मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं.

सूची कशी होते तें आधीं पाहूं. यंत्र मजकूर घेतें, त्याचे शब्द पाडतें, आणि प्रत्येक शब्दापुढें तो कोणत्या दस्तऐवजांत कितव्या जागीं आला हें मांडून ठेवतें. ग्रंथांत पानावरून शब्दाकडे जावयाचें असतें, येथें शब्दावरून पानाकडे. म्हणून तिला उलटी सूची असें म्हणतात. केवळ दस्तऐवजांचीं नांवें मांडून भागत नाहीं. कारण ‘बहुत’, ‘काय’ आणि ‘लिहिणे’ हे तिन्ही शब्द एका पत्रांत असले तरी ते एकामागोमाग आले आहेत कीं नाहींत हें त्यावरून कळत नाहीं. समजा, एका पत्रांत ‘बहुत’ हा शब्द ३, ११७ व २४० ह्या जागीं, ‘काय’ हा ५८, ११८ व ३०० ह्या जागीं, आणि ‘लिहिणे’ हा ११९ ह्या एकाच जागीं आला आहे. यंत्र बहुधा सर्वांत विरळ शब्द आधीं घेतें. ‘लिहिणे’ ११९ ला आहे. तर ११८ ला ‘काय’ आणि ११७ ला ‘बहुत’ आहे काय, एवढें तें ताडून पाहतें. आहे, म्हणून शब्दसमूह सांपडला. ज्यास आपण तंतोतंत शोध म्हणतों तो म्हणजे ही अंकांची वजाबाकी. अक्षराशीं अक्षर ताडून पाहण्याचा प्रसंग तेथें येतच नाहीं. हे अंक ठेवण्याचा खर्चही लहान नाहीं. मॅनिंग, राघवन् आणि श्यूट्झ ह्यांनीं २००८ सालच्या आपल्या पाठ्यग्रंथांत ढोबळ हिशेब दिला आहे कीं, इंग्रजीसारख्या भाषेंत जागांसह केलेली सूची जागांवांचून केलेल्या सूचीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत जाते.

कल्पना नवी नाहीं. पॅरिस येथील डॉमिनिकन संन्याशांनीं सेंट-शेरचा ह्यू ह्याच्या देखरेखीखालीं तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत लॅटिन बायबलची जी शब्दसूची केली तींत प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांस ए पासून जी पर्यंतचीं अक्षरें दिलीं होतीं. शब्द कोणत्या पुस्तकांत, कोणत्या अध्यायांत, कोणत्या अक्षराच्या टापूंत, इतकेंच ती सांगे. मागलेंपुढलें वाक्य नसल्यामुळें वाचकास प्रत्येक स्थळ उघडून पाहावें लागे, आणि ती अडचण काढण्यासाठीं पुढील सूच्यांत शब्दाबरोबर त्याचा संदर्भही देण्यांत येऊं लागला.

आपल्याकडे ह्याहून जवळचें उदाहरण आहे, आणि तें शोधयंत्रांच्या चर्चेंत कोणी आणलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. वेदाच्या क्रमपाठांत पहिलें व दुसरें पद, दुसरें व तिसरें पद, तिसरें व चौथें पद, अशा जोड्या म्हणत जातात. पदांचा शेजार मोडूं नये म्हणून केलेली ही योजना आहे. शोधयंत्रांतही शब्दांच्या अशाच जोड्यांची सूची करण्याची एक रीत आहे: जागांचे अंक न ठेवतां ‘साष्टांग नमस्कार’ ही एक नोंद आणि ‘नमस्कार विनंती’ ही दुसरी. तीन शब्दांचा समूह विचारला कीं दोन्ही जोड्या ज्या पत्रांत असतील तें पत्र पुढें करावयाचें. क्रमपाठांत जोड्या ओळीनें म्हटल्या जात असल्यामुळें चूक होत नाहीं. सूचींत ती ओळ राहत नाहीं. एखाद्या पत्राच्या आरंभीं ‘साष्टांग नमस्कार’ आणि अखेरीस दुसऱ्या कोणाच्या निरोपांत ‘नमस्कार विनंती’ असलें तरी तें पत्र ‘साष्टांग नमस्कार विनंती’ ह्या शोधास पात्र ठरतें. म्हणजे सांपडलें असें यंत्र म्हणतें आणि कागदावर तें नसतें. ही चूक निदान डोळ्यांनीं उघडकीस येते. उलट जातीची चूक उघडकीस येत नाहीं, आणि आमचें लक्ष मुख्यतः तिकडे आहे.

ती चूक शब्द पाडण्यापासून सुरू होते. शब्द म्हणजे काय हें यंत्रास कोणीं सांगितलें? सामान्यतः मोकळी जागा आली कीं शब्द संपला, असें तें समजतें. शाकल्यानें ऋग्वेदाचा पदपाठ केला तेव्हां संहितेंतील प्रत्येक संधि कोठें सोडावयाचा ह्याचा निर्णय त्यास करावा लागला, आणि कांहीं पदांविषयीं त्याच्याशीं मतभेद दाखविणारे लोक निरुक्तकाळापासून आहेत. मोडी पत्रांची गोष्ट याहून फार वेगळी नाहीं. मोडींत ओळभर शिरोरेघ आधीं आखून तिला अक्षरें लटकवीत जाण्याची चाल. दोन शब्दांत मोकळी जागा सोडण्याचा परिपाठ नाहीं. छापील खंडांत जे शब्द सुटे दिसतात ते लिप्यंतर करणाराने सोडविलेले असतात. राजवाड्यांचे २२ खंड घ्या किंवा सरदेसाईंनीं १९३० ते १९३४ ह्या सालांत संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ भाग घ्या. त्यांतील प्रत्येक मोकळी जागा हें कोणाचें तरी मत आहे. एका ठिकाणीं ‘येणेंप्रमाणें’, दुसऱ्या ठिकाणीं ‘येणें प्रमाणें’; एका ठिकाणीं ‘ऐसीजे’, दुसऱ्या ठिकाणीं ‘ऐसी जे’. कागदावर दोन्ही एकच. यंत्राला पहिल्यांत एक जागा आणि दुसऱ्यांत दोन जागा दिसतात, वजाबाकी चुकते, आणि उत्तर येतें कीं नाहीं.

सुहूर सनाच्या उच्चारांतील घोटाळा तर ह्या मंडळींस सांगावयास नकोच. ‘इहिदे’ कीं ‘इहिद्दे’, ‘सलास’ कीं ‘सल्लास’, ‘मया तैन’ कीं ‘मयातैन’. एकाच कारकुनाच्या दोन पत्रांत दोन रूपें मिळावीं. आणि संक्षेप? राजमान्य राजश्री ह्यास ‘रा. रा.’, ‘रा॥ रा॥’ किंवा ‘राा. राा.’, परगणें ह्यास ‘प॥’, मौजे ह्यास ‘मौ॥’. ‘राजमान्य राजश्री’ हा समूह अवतरणांत घालून विचारणाऱ्यास हा मायना असलेलीं कितीतरी पत्रें दिसणारच नाहींत. आणि त्या आंकड्यावरून हा मायना कोणत्या शतकांत किती रूढ होता ह्याचा आलेख काढणाराही निघेल.

शब्द पाडण्यांत याहून रानटी प्रकारही घडतात. पायथन ह्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संगणकभाषेंत ‘शब्दाचें अक्षर’ ओळखण्याची जी नेहमीची खूण आहे ती देवनागरींतील व्यंजनें व सुटे स्वर ओळखते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचें चिन्ह ह्यांस अक्षर मानीत नाहीं. त्यामुळें त्या खुणेवर विसंबून शब्द पाडले तर ‘राज्य’ ह्याचे र, ज, य असे तीन तुकडे होतात. ‘राजा या’ ह्याचेही तेच तीन, आणि ‘रोज ये’ ह्याचेही तेच तीन. सूची करतांना आणि प्रश्न विचारतांना दोन्ही वेळां हीच मोडतोड होत असल्यामुळें यंत्र कुरकुर करीत नाहीं. ‘राज्य’ विचारणाऱ्यास ‘राजा या’ अवतरणचिन्हांसह आणून देतें. त्यांतच, एका अक्षराचे तुकडे निरुपयोगी म्हणून टाकून देण्याची व्यवस्था कोणीं ठेवली असेल तर ‘राज्य’ हा शब्द त्या संग्रहांतून नाहींसाच होतो. रोमन लिपीपुरता विचार करून बांधलेल्या साधनास परीक्षा न करतां मराठी मजकूर खाऊं घातल्याचा हा परिणाम होय.

शब्द पाडल्यावर ते एका सांच्यांत बसविले जातात. आपल्यास एक दिसणारें अक्षर यंत्रास एक असतेंच असें नाहीं. ‘दुसऱ्या’ ह्यांतील अर्धा र युनिकोडांत दोन रीतींनीं लिहितां येतो: एक, त्या र साठीं ठेवलेल्या स्वतंत्र चिन्हानें, दुसरी, साध्या र चा पाय मोडून त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कागदावर फरक शून्य. ‘ॲ’ ह्या अक्षरास स्वतंत्र स्थान २००८ सालीं मिळालें. त्यापूर्वींचे लोक अ वर चंद्र देऊन तें लिहीत, आणि अजूनही पुष्कळ लिहितात. युनिकोडानें समरूपें एक करण्याचा जो सर्वमान्य विधि घालून दिला आहे त्यानेंही ह्या जोड्या एक होत नाहींत. सूची करणारानें त्यांची निराळी काळजी घेतली नसेल तर एकाच शब्दाचीं दोन घरें होतात, आणि एका घरीं गेलेल्या मनुष्यास दुसऱ्याची वार्ताही लागत नाहीं.

काळजी घेतली तरी निराळें संकट आहे. डग कटिंग ह्यांनीं १९९९ मध्यें लिहिलेलें लुसीन हें शोधाचें साधन, आणि त्यावर उभारलेलीं सोलर व इलॅस्टिकसर्च हीं साधनें, पुष्कळशा ग्रंथालयांच्या व दफ्तरखान्यांच्या अंकीय संग्रहांच्या पोटांत आहेत. लुसीनमध्यें हिंदीसाठीं एक गाळणी दिलेली आहे. ती चंद्रबिंदूचा अनुस्वार करते, पाय मोडलेल्या न चाही अनुस्वार करते, नुक्ता गाळते, इतर व्यंजनांचा पाय मोडलेला असेल तर तें चिन्ह काढून टाकते, आणि ह्रस्व-दीर्घ एक करते. हिंदी बातम्यांच्या शोधास हें सोयीचें असेल. तीच गाळणी मराठी छापील ग्रंथांस लाविली तर ‘दिन’ आणि ‘दीन’ एक, ‘सुत’ आणि ‘सूत’ एक. अवतरणचिन्हें घालणाऱ्यास वाटतें आपण अक्षरशः विचारलें, आणि यंत्रानें त्याचा प्रश्नच आधीं सपाट केलेला असतो. गंमत अशी कीं मोडीच्या लिप्यंतरांस हीच गाळणी बरीचशी योग्य ठरेल. कारण मोडी लिहिणारे इकार-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद बहुधा पाळीतच नसत, आणि छापील प्रतींतील भेद लिप्यंतरकारानें घातलेला असतो. एकच चाळणी एका धान्यास खोटी आणि दुसऱ्यास खरी. कोणत्या संग्रहास कोणती लाविली हें कोणी जाहीर करीत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

मराठीपुरतें बोलावयाचें तर सर्वांत मोठी भिंत अनुस्वाराची आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ सालीं शासनमान्य झाले, १९७२ मध्यें त्यांत ४ नियमांची भर पडली, आणि उच्चारांत नसलेले अनुस्वार त्यांनीं छापील मराठींतून घालविले. ते बरें झालें कीं वाईट हा वाद येथें नको. पण त्यामुळें १९६२ पूर्वींच्या छापील वाङ्मयाची सूची आणि आजच्या शोधकाचीं बोटें ह्यांची गांठ पडेनाशी झाली. तो ‘असे दिसते की’ असें टंकितो. जुन्या ग्रंथांत ‘असें दिसतें कीं’ असें असतें. तीन शब्दांत तीन भेद. प्रस्तुत लेखही आम्हीं जुन्या वळणानें लिहिला आहे. ‘नाही’ हा शब्द विचारणाऱ्यास ह्यांतील ‘नाहीं’ सांपडेल कीं नाहीं हें सूची करणाराच्या मर्जीवर आहे. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय शब्दास चिकटून येत असल्यामुळें ‘किल्ला’ विचारून ‘किल्ल्यावरील’ मिळत नाहीं, हें तर सर्वांच्याच अनुभवाचें आहे. त्यावर अधिक लिहीत नाहीं.

आणि हें सर्व मजकूर यंत्राच्या हातीं शुद्ध आला असें धरून. वस्तुतः बहुतेक जुन्या ग्रंथांचा मजकूर पानांच्या छायाचित्रांवरून यंत्रानेंच वाचलेला असतो. ह्या वाचनाचे दोष आमच्या वाचकांस ओळखीचे वाटतील: घ चा ध, भ चा म, थ चा य, ख चा रव. हस्तलिखितांच्या लेखकांनीं जे घोटाळे केले त्यांपैकीं कांहीं यंत्रानें जसेच्या तसे पुन्हां केले आहेत. त्यांत अनुस्वाराचा टिंब पुसट असला तर गेलाच. ओळीच्या शेवटीं खिळे जुळविणारानें शब्द तोडून आडवी रेघ दिली असेल तर एका शब्दाचे दोन होतात. पान दोन रकान्यांचें असेल तर डावीकडली ओळ उजवीकडच्या ओळींत मिसळते. शिवाय पुष्कळ संग्रहांत प्रत्येक पान हा स्वतंत्र दस्तऐवज धरून सूची केलेली असते. अशा ठिकाणीं एका पानाच्या अखेरीस सुरू होऊन पुढल्या पानावर संपणारा शब्दसमूह, छपाई कितीही निर्दोष असली आणि वाचन कितीही शुद्ध असलें, तरी सांपडणें शक्यच नाहीं. इंटरनेट आर्काइव्ह येथें ठेवलेल्या कित्येक भारतीय ग्रंथांच्या नोंदीवर तर, ह्या भाषेचें अक्षरवाचन सध्या होत नाहीं अशा अर्थाचा शेरा वर्षानुवर्षें होता. ग्रंथ डोळ्यांना दिसे, पानें उलटतां येत, आणि शोधास मात्र तो कोरा कागद.

ज्यांचा सगळा भरंवसा गूगलवर आहे त्यांनीं त्या कंपनीनें ऑगस्ट २०२२ मध्यें अवतरणचिन्हांच्या शोधाविषयीं स्वतःच केलेला खुलासा पाहावा. शब्दसमूह पानाच्या न दिसणाऱ्या भागांतही असूं शकतो. यंत्रानें पान पाहिल्यानंतर तें बदललेलें असूं शकतें. आणि विरामचिन्हें कांहीं वेळां मोकळ्या जागेप्रमाणें धरलीं जातात, असें तींत सांगितलें आहे. निकालांची जी संख्या माथ्यावर दिसे तिच्यामागें ‘सुमारे’ हा शब्द असे. तो गाळून संख्या तेवढी लेखांत उतरविणारे लोक आम्हीं पाहिले आहेत.

‘न सांपडणें’ हें प्रमाण केव्हां होतें, ह्याचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं पुरेपूर करून ठेवला आहे. कुमारिलाचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैती हे अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक मानीत नाहींत. पण मानणारेही एक अट घालतात: अनुपलब्धि योग्य पाहिजे. वस्तु तेथें असती तर ती दिसली असती, अशी परिस्थिति असतांना ती दिसली नाहीं, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. उजेडांत जमिनीवर घडा दिसला नाहीं तर घडा नाहीं. अंधारांत दिसला नाहीं तर कांहींच सिद्ध झालें नाहीं. शोधयंत्राचें ‘नाहीं’ हें उजेडांतलें कीं अंधारांतलें, हें ठरविल्याशिवाय त्यावर कागदाचा निकाल लावणें हा शास्त्राचा नव्हे, घाईचा व्यवहार आहे.

आणि तें ठरविणें कांहीं अवघड नाहीं. ज्या संग्रहांत शोध घ्यावयाचा त्यांतील पांच-दहा पानें डोळ्यांनीं वाचावीं; त्यांत जे शब्दसमूह प्रत्यक्ष दिसले त्यांपैकीं वादांतल्या समूहाच्या जातीचे दहा निवडावे, म्हणजे तितकेच शब्द, तसेच अनुस्वार, तशीच जोडाक्षरें असलेले; आणि ते यंत्रास विचारावे. दहापैकीं दहा सांपडले तर यंत्राच्या नकारास वजन आहे. चारच सांपडले तर नकार घेऊन काय करावयाचें हें ज्यानें त्यानें ठरवावें. अमुक समूह आढळला नाहीं असें लिहिणारानें ह्या चांचणीचा निकाल शेजारीं द्यावा, एवढी अपेक्षा फार नाहीं. ज्या लेखांत ती नाहीं त्या लेखांतला नकार आम्ही यापुढें जमेस धरणार नाहीं.

होकाराची बाजूही एका शब्दानें सांगितली पाहिजे. बारा ठिकाणीं सांपडलेला समूह बारा साक्षीदारांचा नसतो. एका बखरीवरून एका चरित्रांत, त्यावरून शाळेच्या पुस्तकांत, आणि तेथून आठ-दहा लेखांत तेच वाक्य उतरलेलें असतें. प्रतींची वंशावळ लावणाऱ्या लोकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. शिवाय हें साधन वादी-प्रतिवादी दोघांच्याही घरीं आहे. ज्यास खोटा कागद तयार करावयाचा त्यास अस्सल मायने आतां याच यंत्रांतून आयते मिळतात. तेव्हां सर्व समूह छापील साधनांत तंतोतंत सांपडणें हें विसाव्या शतकाच्या पूर्वीं जितकें विश्वासाचें लक्षण होतें तितकें आतां राहिलेलें नाहीं. किंबहुना, अस्सल पत्रांत जो ओबडधोबडपणा असतो, एखादा शब्द गळालेला, एखादा मायना अर्धाच, तो नसणें हेंच संशयाचें कारण व्हावें.

तंतोतंत शोधाचा अतिरिक्त आदर आणखी एका कारणानें आम्हांस खटकतो. मॉरिस ब्लूमफील्ड ह्यांनीं १९०६ सालीं वैदिक वाङ्मयाची जी पादसूची प्रसिद्ध केली तींत त्या वेळेपर्यंत छापलेल्या ग्रंथांतील मंत्रांचा प्रत्येक पाद वर्णानुक्रमानें लाविलेला आहे. पण तिचें खरें मोल असें कीं एका संहितेंतला पाद दुसऱ्या संहितेंत थोडा बदलून आला असेल तर तो बदल तेथेंच नोंदिलेला आहे. ह्या नोंदींतून पुढें ब्लूमफील्ड आणि एजर्टन ह्यांचे ‘वैदिक पाठभेदां’चे तीन भाग १९३०, १९३२ व १९३४ सालीं निघाले; त्यांपैकीं पहिला क्रियापदांचा, दुसरा वर्णांचा, तिसरा नाम-सर्वनामांच्या रूपांचा. केवळ जुळणारे पाद तेवढे दाखविणारी सूची केली असती तर हे तीन भाग कधींच झाले नसते. भांडारकर संस्थेच्या महाभारताची प. ल. वैद्यांनीं संपादिलेली प्रतीकसूची (१९६७ ते १९७२) वापरणाराचा अनुभवही तोच: हवा तो पाद मिळतो तेव्हां काम होतें, पण त्याच्या मागेंपुढें वर्णानुक्रमानें जे जवळजवळ तसेच पाद उभे असतात ते पाहतांना पुष्कळदां अधिक कांहीं कळतें. शोधयंत्राच्या उत्तरांत असा शेजार नसतो. जें विचारलें तेवढेंच, किंवा कांहींच नाहीं.

हा शेजार परत मिळविण्याचा एक मार्ग आहे, आणि आमच्या कामास तो उलट्या सूचीपेक्षां जवळचा आहे. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचें काम १९८० नंतरच्या दशकांत चाललें असतां गॅस्टन गॉनेट व त्यांचे सहकारी ह्यांनीं पॅट नांवाची पद्धति वापरली. १९९० सालीं मॅनबर आणि मायर्स ह्यांनीं त्याच जातीची एक आटोपशीर रचना मांडली. तींत मजकूर ही एक अखंड माळ धरतात. माळेच्या प्रत्येक मण्यापासून पुढें अखेरपर्यंतचा जो भाग त्यास एक नोंद समजून, अशा सर्व नोंदी वर्णानुक्रमानें लावतात. मग कोणताही अक्षरसमूह, कोशांत शब्द पाहावा तसा, मध्यभाग उघडून मागेंपुढें सरकत पाहतां येतो. आणि त्याच्या वरच्या-खालच्या नोंदीही दिसतात. शब्द पाडण्याची गरजच उरत नाहीं. जागा फार लागते, हा तिचा दोष. पण दहा-पांच हजार पत्रांच्या संग्रहास आजच्या संगणकावर तो दोष म्हणतां येणार नाहीं.

मोडीस युनिकोडांत स्वतंत्र स्थान २०१४ सालीं मिळालें, आणि मोडी हस्ताक्षर यंत्राकडून वाचवून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते सफल होतील तेव्हां जो मजकूर हातीं येईल तो शब्द न तोडलेला असेल. तो तसाच ठेवावा, आणि संपादकाचा पदच्छेद त्याच्यावर निराळ्या थरानें चढवावा. छापील खंडांच्या मजकुरासही हेंच करतां येईल: मोकळ्या जागा काढून टाकलेली, इकार-उकार एक केलेली, अनुच्चारित अनुस्वार गाळलेली एक माळ शोधासाठीं, आणि छापल्याबरहुकूम मजकूर दाखविण्यासाठीं, शेजारीं पानाचें छायाचित्र. ‘येणें प्रमाणें’चा घोटाळा त्यानें मिटेल, ‘नाहीं’-‘नाही’चाही मिटेल. संक्षेपांचा मात्र मिटणार नाहीं. ‘राा’ हें एका पत्रांत राजश्री असेल, दुसऱ्यांत एखाद्या नांवाचें आद्याक्षर असेल. तो निर्णय पत्र समजून घेणारासच करावा लागेल. त्यानें तो करून कंसांत पूर्ण रूप द्यावें आणि मूळ संक्षेप न पुसतां जागच्या जागीं ठेवावा. म्हणजे शोधणारा दोहोंपैकीं कशानेंही तेथें पोंचेल.